बेरिलबाईंना न पटलेल्या भिंती

बेरिल अट्लीबाई पाव आणायला निघाल्या की पाव शिळा होऊनच घरी येतो, असं खोऱ्यातल्या हॉलिनरॉईड या गिरणीच्या गावात म्हणत. दुकान काही लांब नव्हतं. उतारावरची दगडी घरांची ओळ संपली की कोपऱ्यावर दुकान. पण त्या ओळीतल्या प्रत्येक घराची पुढची खोली थेट फुटपाथला लागून, आणि दिवे लागायच्या आधी पडदा ओढणं म्हणजे घरात काहीतरी काळंबेरं चाललंय अशी दवंडी पिटणं. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला प्रत्येक घरातली शेकोटी, तिच्यावरची फळी आणि धुराडं पोटात घेऊन वर चढत गेलेली भिंत आयतीच दिसे. बाकीची माणसं मान खाली घालून जात. बेरिलबाई थांबत. टोपी सारखी करत, पिशवी या हातातून त्या हातात घेत, सरकारी तपासनिसासारख्या सावकाश आत बघत, आणि मग नाकातून एक ‘हुं’ सोडून पुढे सरकत. त्या ‘हुं’चा अर्थ गल्लीतल्या मांजरांनासुद्धा कळत असे.

आणि ‘हुं’ करू नये तर काय करावं? पहिल्याच घरात क्रॅबट्री नवराबायकोंनी शेकोटीच्या डोक्यावर भलामोठा टीव्ही टांगलेला. चर्चच्या छतावरचे देवदूत बघावेत तशी दोघंही संध्याकाळभर माना वर करून बसलेली.

‘‘पुढच्या हिवाळ्यात दोघांच्या गळ्यांत पट्टे दिसतील,’’ बेरिलबाई दुकानात सांगत. ‘‘आणि तो टीव्ही खालून भाजून निघेल तो वेगळाच.’’

क्रॅबट्रींच्या पुढच्या घरातल्या तरुण बाईने शेकोटीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या सालीची लाकडं रचून ठेवली होती. सगळी एका मापाची, एका जाडीची, शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी. त्यातलं एकही कधी आगीत गेलं नव्हतं नि जाणारही नव्हतं. शनिवारी ती बाई फडकं घेऊन त्या लाकडांवरची धूळ पुसायची.

‘‘सरपण पुसते!’’ बेरिलबाईंना हे सांगताना धाप लागे. ‘‘उद्या कोळशाला साबण लावील!’’

त्याच्या पलीकडे कुणी शेकोटीच्या पोटात वाळक्या गवताचे तुरे खोचलेले. आमच्या काकाच्या गाढवानेसुद्धा याला तोंड लावलं नसतं, हा त्यावरचा निकाल. आणि शेवटच्या घरात फळीवर हातभर उंचीच्या लाकडी अक्षरांत लिहिलेलं ‘घर’.

‘‘बरं केलं लिहून ठेवलं. नाहीतर पिऊन आलेला नवरा स्टेशनात शिरलो समजून तिकीट मागायचा.’’

लोक हसत आणि मग घरी जाऊन हळूच आपल्या भिंतीकडे बघत. कारण आज क्रॅबट्रींची पाळी, तशी उद्या आपली.

बेरिलबाईंची ही नजर एका दिवसात तयार झालेली नव्हती. त्यांच्या आईच्या घरात शेकोटी ही सजवायची वस्तूच नव्हती. ती घराची मालकीण होती. तिच्यावर रस्सा रटरटायचा, तिच्या कुशीतल्या भट्टीत पाव फुगायचा, तिच्यावरच्या दांडीला गिरणीतले कपडे वाळत असायचे, आणि शनिवारी तिच्यासमोर पत्र्याची नांद ठेवून सगळी भावंडं एकाच पाण्यात घासून निघायची. दर शुक्रवारी आई शेकोटीच्या लोखंडाला काळं पॉलिश चोळत असे, स्वतःचा चेहरा त्यात दिसेपर्यंत. संध्याकाळ झाली की शेजारणी वाटीभर साखर मागायला यायच्या आणि साखरेकडे न बघता कोपऱ्यात राख राहिली आहे का ते बघून जायच्या. मग आई शाल गुंडाळून त्यांच्याकडे साखर परत मागायला जायची. आई गेल्यावर तिची पितळी मेणबत्तीदानं थोरल्या थेल्माकडे गेली. बेरिलकडे जीभ आली.

पुढे बेरिल गिरणीत मागावर बसली, क्लिफर्ड अट्ली नावाच्या बस ड्रायव्हरशी लग्न करून बेरिलबाई झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटांत बटाटे वाढून निवृत्त झाली. या सगळ्या काळात स्वतःच्या शेकोटीच्या भिंतीवर तिने एकच रचना मान्य केली: मधोमध घड्याळ, दोन टोकांना चिनी मातीचे दोन कुत्रे, वर टोपी सारखी करण्यापुरता आरसा. बाकी सगळी थेरं.

क्लिफर्ड सहसा बोलत नसे. दिवसभर बसमध्ये लोकांचं ऐकायचं आणि रात्री घरी बायकोचं, असा त्याचा नेम होता. पण रविवारी पुडिंग खाऊन झालं की ताट सरकवून म्हणे, ‘‘वाईट नाही झालं.’’ एवढ्यावर बेरिलबाईंचा पुढचा आठवडा निघे. त्या खोऱ्यात कौतुकाची रीतच तशी. तोंडावर ‘छान’ म्हणायचं ते दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्यांना, पाद्र्याच्या बायकोने काढलेल्या चित्रांना, आणि डॉक्टरांनी आशा सोडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या तजेल्याला. आपल्या माणसाला नावं ठेवायची. भरपूर, तोंडावर, आणि जमलं तर चार लोकांत. नावं ठेवली म्हणजे तुम्ही घरातले. ‘छान’ म्हटलं म्हणजे टोपी घ्या नि निघा.

थेल्मा हे विसरली, तिथे घोटाळा झाला. ती बरीच वर्षं दक्षिणेतल्या सरेकडच्या कुणा डेस्मंडशी संसार करत होती आणि त्याच्या संगतीने मऊ पडली होती. म्हातारपणी दोघांनी ब्रिगहाउसला बंगली घेतली आणि तिच्यात विजेची शेकोटी बसवली. काचेमागे जाळाचं चित्र हलायचं, बटण दाबलं की निळा जाळ, पुन्हा दाबलं की जांभळा. क्लिफर्ड वारल्यानंतरचा तो पहिलाच ख्रिसमस होता. बेरिलबाईंनी कोटसुद्धा न काढता त्या जाळाकडे बघितलं.

‘‘थेल्मा, अगं याच्यावर हात शेकायचे की चॅनल बदलायचा?’’

जुनी थेल्मा असती तर म्हणाली असती, तू आधी तुझं तोंड बदल. ही रडली. डेस्मंडने बेरिलबाईंना बाजूला घेऊन, आवाज न चढवता, त्यांनी थेल्माच्या भावना दुखावल्याचं सांगितलं. भावना हा शब्द बेरिलबाईंनी आजवर फक्त रेडिओवर ऐकला होता. पुढल्या वर्षीपासून ख्रिसमसला कार्ड येऊ लागलं, बोलावणं यायचं बंद झालं.

उरला रविवार. मुलगा ट्रेव्हर आणि सून गेनर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला राहत, आणि दर रविवारी दुपारी बेरिलबाई तिथे जेवायला जात. बाकीचे दिवस डब्यातलं सूप, टोस्ट आणि रेडिओ. रेडिओला नावं ठेवता येतात, पण तो उलटून बोलत नाही, त्यामुळे मजा येत नाही. आठवडाभरात माणसाशी म्हणून जे काही बोलणं होई ते रविवारी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टही नव्हती ती.

अशात एका गुरुवारी ट्रेव्हरचा फोन आला.

‘‘आई, रविवारी येतेयस ना?’’

‘‘नाही, राजवाड्यात जेवायला बोलावलंय. येणार नाही तर जाणार कुठे?’’

‘‘नाही, म्हणजे... गेनरने भिंत केलीय. शेकोटीची.’’

‘‘आधीची काय पडली होती?’’

‘‘आई, सगळी सुट्टी घातली गं तिने त्यात. स्वतःच्या हातांनी केलंय सगळं. तू जरा... काही बोलू नकोस.’’

‘‘मी कधी काय बोलते?’’

मग ट्रेव्हर एका दमात म्हणाला, ‘‘ती म्हणालीय, या खेपेला तू भिंतीवर तोंड टाकलंस तर रविवारचं जेवण बंद.’’

बेरिलबाईंनी फोन ठेवला आणि त्या बराच वेळ चिनी मातीच्या कुत्र्यांकडे बघत बसल्या. गेनर तशी करारी मुलगी होती. पलीकडच्या टेकडीवरच्या खाटकाची पोर. बोलली म्हणजे करणार. बरं, ती काय करून बसली असेल याचाही अंदाज येत होता. गळ्याशी आलेलं गिळायची सवय नव्हती. ती आता करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला जाताना त्यांनी सराव केला. क्रॅबट्रींच्या खिडकीत टीव्हीखाली आता दिव्यांची माळ लावली होती. बेरिलबाईंनी ओठ आवळले, डोळे मिटले आणि ‘हुं’ न करता पुढे गेल्या. चार पावलं गेल्या असतील नसतील, मागून दार उघडून क्रॅबट्रीबाई धावत आल्या.

‘‘बेरिल, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?’’

रविवारी त्या ट्रेव्हरच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा चांगला कोट घातला होता आणि मन दगडाचं केलं होतं. तरी खोलीत शिरल्यावर एक पाऊल मागे गेलंच.

गेनरने भिंतीचा गिलावा उतरवून टाकला होता. सगळा. छतापासून जमिनीपर्यंत विटा उघड्या. आता त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की गिरणीमालकांनी मजुरांची घरं बांधताना बाहेरून दगड चांगला लावला नि आत धुराड्याला भट्टीतून फेकून दिलेल्या विटा लावल्या: वाकड्या, करपलेल्या, अर्ध्या तुटलेल्या. आणि वरून गिलावा फासला. दीडशे वर्षांपूर्वी एका लुच्च्या मालकाने शरमेने जे झाकलं, ते या पोरीने सुट्टी घालवून उकरून काढलं होतं आणि वर चकाकतं वार्निश मारलं होतं! फळीच्या जागी रेल्वेच्या रुळांखालचा भलादांडगा ओंडका. ओंडक्यावर आरसा, त्याला खिडकीसारख्या चौकटी. म्हणजे खिडकीतून बाहेर बघायला जावं आणि आपलंच थोबाड दिसावं. शेकोटीच्या पोटात मेणबत्त्या, पाइनची बोंडं आणि काचेच्या बरणीत कोंडलेली दिव्यांची माळ. आणि या सगळ्याच्या वर एका फळकुटावर लिहिलेलं: ‘इथे आम्ही हसतो’.

बेरिलबाईंच्या जिभेच्या टोकाशी निदान सात वाक्यं येऊन उभी राहिली. त्यांनी ती मोजली नाहीत, गिळली. खुर्चीवर बसल्या, रुमाल मांडीवर घेतला.

‘‘बटाटे बरे दिसतायत,’’ त्या म्हणाल्या.

ट्रेव्हरच्या कपाळावर घाम आला होता. त्याने मांस कापलं, वाढलं, हवेबद्दल बोलला, बसच्या नव्या वेळापत्रकाबद्दल बोलला, मग पुन्हा हवेबद्दल बोलला. गेनर सासूकडे बघत होती, मग भिंतीकडे, मग पुन्हा सासूकडे. तिच्या नखांत अजून चुना होता. बेरिलबाई मान खाली घालून वाटाणे एकेक करून खात होत्या. धुराड्यातून मधूनच काजळीचा एखादा कण सुटून पाइनच्या बोंडांवर टपकत होता, आणि दर कणागणिक बेरिलबाईंचा जबडा आवळला जात होता.

शेवटी गेनरनेच ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं.

‘‘मग? भिंत कशी वाटली?’’

ट्रेव्हरचा काटा हवेतच थांबला. बेरिलबाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर पाद्र्याच्या बायकोला दाखवायचं हसू आणलं आणि म्हणाल्या, ‘‘छान आहे हो. फारच सुंदर.’’

गेनरने खुर्ची पुढे ओढली.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘सुंदर म्हटलं. काय ती कल्पकता!’’

गेनरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानांपासून लाल होत गेला. ‘‘डॉक्टरकडे जाऊन आलात का तुम्ही?’’

‘‘मला काय धाड भरलीय?’’

‘‘मग मला भरलीय का? मला काही झालंय नि तुम्हां दोघांना ठाऊक आहे, असं आहे का?’’

‘‘अगं, मी नुसतं छान म्हटलं...’’

‘‘तेच!’’ गेनरने हातातला रुमाल टेबलावर आपटला. ‘‘माझ्या लग्नाच्या केकला तुम्ही म्हणालात, एवढा कडक माल मिळतो तर पोर्च बांधून घ्या. माझ्या पहिल्या पुडिंगला म्हणालात, बुटाला तळ लावायला नेते घरी. त्या रात्री मी आईला फोन केला, म्हटलं, आई, घेतलं गं मला त्यांनी घरात! आणि आज? सगळी सुट्टी गुडघ्यांवर काढली मी. केसांतून काजळी निघत नाही अजून. आणि तुम्ही मला गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलता तसं बोलताय! इतकी का वाईट झालीय, की नावं ठेवायच्यासुद्धा लायकीची नाही?’’

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते थेल्माच्या डोळ्यांतल्यासारखं मऊ नव्हतं. बेरिलबाई पुरत्या अडकल्या. बोलावं तर रविवार जातो. न बोलावं तर ही पोर जाते, म्हणजे पुन्हा रविवारच जातो. त्यांनी मुलाकडे बघितलं.

‘‘ट्रेव्हर, सांग ना तिला.’’

ट्रेव्हर वाटाण्यांकडे बघत होता.

‘‘काय सांग?’’ गेनर म्हणाली.

‘‘तूच म्हणालीस ना, भिंतीवर तोंड टाकलं तर जेवण बंद?’’

‘‘मी? मी कधी म्हणाले?’’

दोघींच्या माना एकदमच ट्रेव्हरकडे वळल्या. तो खुर्चीत जमेल तेवढा लहान झाला. ‘‘मला वाटलं,’’ तो म्हणाला, ‘‘एखादा रविवार शांततेत जाईल.’’

‘‘शांततेत!’’ बेरिलबाई म्हणाल्या.

‘‘शांततेत म्हणे!’’ गेनर म्हणाली. ‘‘शांतता हवी होती तर एखाद्या मठात लग्न लावायचं होतंस.’’

‘‘मठातसुद्धा घेतला नसता. प्रार्थनेच्या वेळी झोपला असता. लहानपणापासून असाच हा. भांडण सुरू झालं की कोळशाच्या कोठीत जाऊन बसायचा.’’

‘‘आता गॅरेजमध्ये जाऊन बसतो.’’

‘‘तरी बापावर गेलाय म्हणावं, तर बाप निदान गप्प बसायचा. हा तोंड उघडतो नि खोटं सांगतो.’’

ट्रेव्हरने काटा खाली ठेवला. आपण गप्प बसलो असतो तर, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. पण त्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. बेरिलबाईंनी घसा खाकरला. त्यांचा आवाज एरवीपेक्षा बराच खाली आला होता.

‘‘म्हणजे... पुढचा रविवार आहे?’’

गेनरने त्यांच्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच तिला कळलं की ही बाई दुपारभर कशाला भीत होती. पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. खाटकाची पोर होती ती.

‘‘ते तुमच्यावर आहे. पुन्हा छान म्हणालात तर दार उघडायची नाही.’’

बेरिलबाईंनी रुमालाने तोंड पुसलं. खांदे मागे घेतले. आणि मग तोंडाचा जो पट्टा सुटला! लुच्च्या मालकापासून सुरुवात झाली: त्याच्या थडग्यावर कुणी फूल ठेवत नाही आणि तू त्याच्या पापाला वार्निश मारलंस. मग ओंडका: उद्या साडेदहाची लीड्सची गाडी तुझ्या बशांवरून गेली तर माझ्याकडे येऊ नकोस. मग आरसा, ज्यात जेवणाऱ्याला आपला घास उतरताना दिसतो. मग पाइनची बोंडं, ती खारीला परत करावीत, तिची ती हिवाळ्याची सोय असेल. ‘इथे आम्ही हसतो’वर तर त्या उठूनच उभ्या राहिल्या: ‘‘अगं, पाटी लावून हसतात का कुठे? उद्या मोरीवर लिहिशील इथे आम्ही काय करतो ते!’’

‘‘झालं?’’ गेनर म्हणाली. तिचे डोळे कोरडे झाले होते आणि चमकत होते. ‘‘आता माझं ऐका. तुमच्या शेकोटीत काय आहे, बेरिल?’’

‘‘माझ्या शेकोटीत जाळ आहे.’’

‘‘गॅस आहे! आणि गॅसवर चिनी मातीचे कोळसे आहेत. खोटे. आणि दर वसंतात तुम्ही ते उचलून मोरीत नेता नि साबणाने धुता. मी बघितलंय. एकेक कोळसा टॉवेलने पुसून वाळत घालता. आणि सरपण पुसणाऱ्या त्या बिचारीला गावभर हसता!’’

कोळशांबद्दल बेरिलबाईंना कधी कुणी काही बोललं नव्हतं. क्लिफर्डने तर ते आणून बसवले होते नि बसवून गप्प बसला होता.

‘‘त्यांना निदान ऊब येते,’’ त्या शेवटी म्हणाल्या.

‘‘ऊब रेडिएटरलाही येते. त्याला कुणी आंघोळ घालत नाही.’’

त्या खोलीत मग एक विचित्र आवाज झाला. ट्रेव्हर दचकला; त्याला वाटलं आईला ठसका लागला. बेरिलबाई हसत होत्या. आई गेल्यापासून त्यांना कुणी असं तोंडावर उत्तर दिलं नव्हतं. सगळे एकतर हसायचे, नाहीतर रडायचे, नाहीतर कार्ड पाठवायचे. हसता हसता त्यांनी कोट काढला, जो त्या जेवणभर अंगावर ठेवून बसल्या होत्या, आणि खुर्चीच्या पाठीला टांगला.

‘‘कोळशांचं बोलू नकोस बाहेर,’’ त्या म्हणाल्या.

‘‘बोलणार. मंगळवारी दुकानात बोलणार.’’

‘‘नालायक आहेस.’’

‘‘तुमचीच सून आहे. ट्रेव्हर, पुडिंग आण. तुला नाही, आम्हाला.’’

ट्रेव्हर मुकाट्याने उठला. गेनरने बेरिलबाईंची खुर्ची त्यांच्यासकट दोन्ही हातांनी धरून करकरत फिरवली, भिंतीसमोर आणली, आणि आपली त्यांच्या शेजारी ओढून घेतली.

‘‘घाईघाईत उरकू नका,’’ ती म्हणाली. ‘‘विटा राहिल्यात अजून. चष्मा लावा नि डावीकडून सुरू करा.’’

बेरिलबाईंनी पर्समधून चष्मा काढला, फुंकर मारून पुसला, नाकावर चढवला. पहिल्या विटेकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

‘‘ही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘थेट डेस्मंडसारखी दिसते.’’